तिसऱ्या भागाचा रकाना
कपाट आवरताना निळी वही सापडली आणि मुलुंडच्या घरातली ती दुपार आठवली. राक्षस आणि जादूगारांच्या एका व्हिडिओ गेमचा कुठला भाग जास्त अवघड, यावर माझा नि मुलीचा वाद होता. पहिला राक्षस मारेपर्यंत मी पहिल्या भागात एकतीस वेळा मेलो, दुसऱ्यात एकोणीस. सगळं याच वहीत, प्रत्येक भागाला एक रकाना करून लिहिलेलं. तुलना चोख हवी, म्हणून ती क्लासला गेल्यावर मी तिसरा भागही अगदी सुरुवातीपासून लावला. तो तिच्याच खेळावर सेव्ह झाला आणि तिची चार महिन्यांची मेहनत पुसली गेली. "मी मध्ये पडणार नाही हं," बायको म्हणाली. लिफ्टचा आवाज आला की मी दाराकडे बघायचो. शेवटी मुलगी आली, मी सांगून टाकलं. तिने पडद्यावर आपला जुना खेळ शोधून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, तू कितीदा मेलास?" "एकदाही नाही गं. घाबरून पुढे खेळलोच नाही." तिने वही ओढून घेतली. तिसऱ्या रकान्यात तिचं अक्षर अजून तसंच आहे: सर्वांत अवघड भाग. कारण, बाबा.