ताईला दम लागत नाही

माझी ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, म्हणजे चौदाव्या वर्षी ती माझी आई झाली, आणि त्या नोकरीतून तिला कधी सुट्टी मिळाली नाही. लग्नं दोघांचीही राहून गेली. तिचं माझ्यामुळे, आणि माझंही माझ्याचमुळे. माझं तोंड फटकळ आहे.

खाली माझं पुस्तकं बांधायचं दुकान, वर दोन खोल्या, मधे लोखंडी जिना. ताई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी तिथे गाठोड्यांनी येतात. धुऊन, इस्त्रीच्या रुळांतून निघालेली चादर दोघी मिळून घडी करतात. चार टोकं धरायची, ताणायची, मग एकीने जागेवर उभं राहायचं आणि दुसरीने चालत येऊन आपली टोकं तिच्या हातात द्यायची. पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. एका चादरीला तीन फेऱ्या, आणि दिवसाला शेकड्यांनी चादरी. ताईची जोडीदारीण चांगली उंच होती, तिला सगळे लांबी म्हणत. एक दिवस ताईने चालायचं, एक दिवस लांबीने, असा त्यांचा नियम. बावीस वर्षं तो कोणी मोडला नव्हता.

मग एकदा कामावर सगळ्यांची तपासणी झाली. तरुण डॉक्टरने ताईच्या छातीला नळी लावली ती काढेचना. डाव्या कुशीवर वळा म्हणाला, श्वास सोडून थांबा म्हणाला, पुन्हा ऐकलं. ताई घरी येऊन म्हणाली, "एवढं लक्ष देऊन माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं." मी हसलो. मला तेव्हा तो विनोद वाटला.

त्याने आम्हाला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि विचारलं, लहानपणी घसा धरून ताप आला होता का, सांधे सुजले होते का. ताईला आठवत होतं. दहाव्या वर्षी गुडघे असे सुजले होते की पंधरा दिवस तिला उचलून न्यावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, त्या तापानेच झडपेला इजा केली. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मधे एक झडप असते, ती हिची नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे येतं. हृदय अजून दमदार आहे, ते जास्त काम करून भरून काढतंय. ऑपरेशन लागेल, पण आज नाही. फार लवकर नको आणि उशीर तर मुळीच नको. ती वेळ दोन गोष्टींवरून कळणार होती, दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीवरून आणि ताईच्या दमावरून.

"रोजची कामं करत राहा," ते म्हणाले. "त्यात दम लागायला लागला, की त्याच आठवड्यात माझ्याकडे या."

इतकं सरळ सांगितलं होतं. आम्ही पहिलं वाक्य तिथेच टाकून आलो आणि दुसरं जपून घरी आणलं.

मी ताईला तळहातावरच्या फोडासारखं जपायला लागलो. आधी पाणी भरायचं काम माझ्याकडे घेतलं, मग बाजार, मग धुणं. वर्षभराने वाटलं, ही उगाच जिना चढ-उतार करते, म्हणून कागद कापायचं मशीन भिंतीला सरकवून शेगडी खाली आणली. पुढे कागदाच्या रिमांच्या थप्प्यांमागे तिची खाटही आणली. आडवी पडली की तिला अवघडायचं, म्हणून एक उशी वाढवली, मग आणखी एक. तिसरी उशी मी स्वतः भरून शिवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवली होती. कामावर तिला रिक्षाने सोडायला-आणायला लागलो. लांबीला मी गाठून सांगितलं, तेव्हा तिने चालायचं काम रोजचंच आपल्याकडे घेतलं. ताई नुसती उभी राहायची आणि टोकं धरायची. लांबी आणि मी भेटलो की एकमेकांना शाबासकी द्यायचो.

पहिल्या वर्षी दोनदा डॉक्टरांकडे गेलो. जिना चढताना दम लागतो का, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, नाही. सोनोग्राफीही ठीक होती. तिसऱ्या वेळी माझ्याकडे शाळांच्या पुस्तकांचं काम आलं होतं. मी म्हटलं, "तुला दम तर लागत नाही, मग कशाला हेलपाटा? पुढच्या वेळी जाऊ." ती लगेच हो म्हणाली. पुढच्या वेळीही तसंच झालं. असं करत अडीच वर्षं गेली. एरवी मी गिऱ्हाइकाला दोन दिवसांचा उशीर झाला तर झोपत नाही.

मग तिचे पाय सुजले. चपलेचा पट्टा बसेना, तेव्हा कुठे आम्ही गेलो.

डॉक्टरांनी घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. त्यांनी नेहमीचं विचारलं, जिना चढताना दम लागतो का. ताई म्हणाली, नाही. या वेळी त्यांनी पुढे विचारलं, "शेवटचा जिना कधी चढलात?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन सांगितलं, "मी चढूच देत नाही तिला. दोन वर्षं झाली."

मला वाटलं, ते कौतुक करतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग झोपताना उशा किती लागतात ते विचारलं, आडवं पडून दम लागतो म्हणूनच त्या वाढतात असं म्हणाले, कामावर नेमकं काय करता ते विचारलं, आणि नर्सला म्हणाले, यांना बाहेरच्या व्हरांड्यातून एक फेरी मारून आण. दुसऱ्या दारापाशी ताईने भिंत धरली. ओठ निळसर झाले होते, खांदे वरखाली होत होते. तिला मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? तिला एवढं चालताना पाहूनच दोन वर्षं झाली होती.

सोनोग्राफीनंतर त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. हृदय ताणून मोठं आणि सैल झालं होतं. मी म्हटलं, मग आता झडप दुरुस्त करा. ते म्हणाले, आता ती दुरुस्त करता येत नाही. थकलेल्या हृदयाला ती गळतीच सोपी पडत होती, थोडं रक्त मागे सोडून ते कसंबसं चालत होतं. गळती बंद केली तर सगळा जोर पुढेच लावावा लागेल, आणि तेवढा जोर त्यात उरलेला नाही. ताई टेबलावरून उठणार नाही. मी दुसऱ्या मोठ्या इस्पितळातही कागद घेऊन गेलो. तिथेही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन.

परत येऊन मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, दोन वर्षांपूर्वी आणली असती तर? त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. मी उठेना, तेव्हा म्हणाले, "केलं असतं ऑपरेशन."

अति तेथे माती म्हणतात, ती अशी स्वतःच्या हाताने कालवायची असते हे मला ठाऊक नव्हतं. आता ताई घरीच असते. लघवी होण्याच्या गोळ्या, मीठ जवळजवळ बंद, दिवसभराचं पाणी मोजून एका बाटलीत, आणि सकाळी वजन. दोन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर डॉक्टरांना कळवायचं. मी एक वही बांधली आणि त्यात रोज वजन लिहितो. लांबी भेटायला आली तेव्हा दारातच रडली. तिचं काय चुकलं, असं ती मला विचारत होती, आणि मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, कारण तेच मला कोणाला तरी विचारायचं होतं.

परवा वजन करून ताईला खाटेवर बसवलं आणि माझा बांध फुटला. म्हणालो, "ताई, मी तुझा जीव घेतला. तुला दम लागतोय हे मी कळूच दिलं नाही."

ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मला कळत होतं रे. पहिल्या वर्षापासून लागत होता दम."

मी वजनाची वही मिटली.

"तू पहिल्यांदा पाणी भरलंस ना, तेव्हा मी बसून होते," ती म्हणाली. "चौदा वर्षांची असल्यापासून माझ्या हातचं काम कोणी काढून घेतलं नव्हतं. वाटलं, दम लागतो म्हणून सांगितलं तर ऑपरेशन करतील. मी बरी होईन. आणि मग तू परत सगळं माझ्यावर टाकशील."

तसं काही झालं नसतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण चाळीस वर्षं ती धडधाकट होती आणि चाळीस वर्षं मी आयतं खाल्लं होतं. तिने माझा हात धरला आणि अगदी साधेपणाने, जराही न रागावता विचारलं, "टाकलं असतंस ना?"

मी म्हणालो, "हो."