वर पाहणारं गिऱ्हाईक

आमच्या नात्यात कुणाला घर विकायचं असलं की तो आधी माझ्याकडे येतो, चहा पितो, माझा सल्ला मान डोलवत ऐकतो आणि मग जाऊन नेमकं उलटं करतो. मागच्या महिन्यात भाचा, माझ्या भावाचा मुलगा, आला होता. हुडको वसाहतीतलं घर विकून त्याला रायपूरला फ्लॅट घ्यायचाय. मोबाईलवर फोटो दाखवत होता आणि सवयीप्रमाणे अर्ध्या वाक्यातून हिंदीत घसरत होता. गिऱ्हाईक पक्कं आहे म्हणाला. मी विचारलं, "घर पाहायला आलं तेव्हा ते कुठं पाहत होतं? वर का खाली?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की आत्याला आता डॉक्टरकडे न्यायला हवं. मग मी मोबाईल बाजूला ठेवायला लावला आणि त्याला आमचं पहिलं घर कसं विकलं ते सांगितलं. त्याला घाई होती. मला नव्हती.

भिलाईच्या पोलाद प्लांटचं बांधकाम जोरात चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आधी माती उचलायला आले आणि पुढे प्लांटात कायम झाले. जामुलच्या रस्त्याला एका गावाच्या टोकाशी त्यांनी जागेचा एक तुकडा विकत घेतला आणि त्यावर मातीच्या भिंतींचं, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं घर बांधलं. बांधलं म्हणजे मायनं बांधलं. बाबा ड्यूटीवर असायचे. चिखल तुडवायला, गोळे थापायला माय आणि शेजारच्या दोन बायका. मी तेव्हा लहान, माझं काम पाण्याची कळशी आणायचं आणि शिव्या खायचं. दाराची सागाची चौकट मात्र गावाहून आलेली होती. आजोबांच्या घराची ती. गाव सोडताना बाबांनी ती काढून, भाताच्या तणसात गुंडाळून बैलबंडीवर घातली होती. ती चौकट भिंतीत बसली त्या दिवशी माय तिला तेल लावत बसली होती, आणि संध्याकाळी चूल पेटवायचं विसरली.

त्या घरात माझा भाऊ जन्मला. दर दिवाळीला माय भिंतींना पांढऱ्या छुई मातीचा हात द्यायची आणि घर लग्नाला निघाल्यासारखं दिसायचं.

मग बाबांना प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरात क्वार्टर मिळालं. बाबांनी उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या होत्या. माय चुलीतली लाकडं सारत राहिली.

"अव, तिथं नळ हाय, बत्ती हाय," बाबा म्हणाले. "तुले आनखी काय पायजे?"

"थे आपलं नाई न. नोकरी सुटली का क्वार्टर सुटलं."

"मंग हे रिकामं ठेवून काय करतं? एका पान्यात भिंती बसतीन."

"भाड्यानं द्या."

"अन् भाडं मागायले कोन जाईन? मी?"

यावर मायला हसू आलं, कारण उसनी नेलेली स्वतःची छत्रीसुद्धा बाबांना परत मागता येत नसे. पावसाळाभर भिजत ड्यूटीला गेलेला माणूस. तो काय भाडं वसूल करणार? शेवटी मायनं हार मानली, पण एका अटीवर.

"इका," ती म्हणाली. "पन मोडायले इकू नका. हे घर इथंच उभं राह्यलं पायजे. मी येताजाता पाहीन."

बाबांनी कबूल केलं. तेवढी एकच गोष्ट मायनं मागितली होती, म्हणून ती मोडता येणार नव्हती.

घर कसं विकावं हे मायला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिच्याइतकं शहाणपण मी आजच्या दलालांत पाहिलं नाही. गिऱ्हाईक येणार म्हटलं की ती चूल पेटती ठेवायची. थंड चुलीचं घर कुणालाही आपलं वाटत नाही, असं तिचं म्हणणं. घर दाखवायचं ते भर दुपारी, उजेड कोपऱ्यापर्यंत जातो तेव्हा. आणि घराची खोड ती स्वतःच्या तोंडानं सांगायची. पश्चिमेची भिंत पावसात ओल धरते. विहीर वैशाखात तळाला जाते. बाबा कपाळावर हात मारून घ्यायचे.

"आज नाई सांगतलं त पहिल्या पान्यात थ्या बाईले समजनच," माय म्हणायची. "मंग थे जलमभर मले शिव्या देईन."

पहिला आला तो एक ठेकेदार. त्या भागात सिमेंटचा कारखाना येणार अशी कुजबुज होती आणि हा माणूस वासावर आलेला. दारातून आतही आला नाही. लांब लांब पावलं टाकत त्यानं जागा मोजली, मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, जाऊन कोपऱ्यातले हद्दीच्या खुणेचे दगड पायानं चाचपले, रस्त्यापर्यंत जाऊन परत आला. सबंध वेळ त्याची नजर जमिनीवर. पैसे पडले असावेत तशी.

"घर का क्या है बहनजी," तो म्हणाला, "वो तो एक दिन में गिर जाएगा. यहाँ लाइन से खोलियाँ बनाएँगे."

बाबांनी सांगितलेल्या किमतीला त्यानं लगेच मान हलवली. बाबांचा चेहरा उजळला आणि मायकडे पाहताच मावळला. मायनं त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मग काही दिवसांनी एक जोडपं आलं. नवरा रेल्वेत गँगमन, राहायला भिलाई-3 च्या बाजूला, रुळांजवळच्या झोपडीत. गोंदियाकडची माणसं, आमच्यासारखीच बौद्ध दीक्षा घेतलेली. बाई अंगानं बारीक, कडेवर पोर, आणि नजर पहिल्यापासून वर. ती आढं पाहत होती, वासे मोजत होती, कवेलू कुठं फुटलेत ते शोधत होती. पोर नवऱ्याकडे देऊन ती उखळावर चढली आणि वाशाला कीड आहे का ते नखानं कोरून पाहिलं. मग खाली उतरून चौकटीवरून हात फिरवला.

"सागाची हाय न जी?"

"हव. माह्या सासऱ्याच्या घरची," माय म्हणाली. तिचा आवाज तेव्हाच ओला झाला होता.

मायनं नेहमीप्रमाणे भिंतीची ओल सांगितली. बाई म्हणाली, "त्याचं काई नाई." विहिरीचं सांगितलं. "त्याचं बी काई नाई." घरात राहणार ना, असं विचारलं तर "राहूच न" म्हणाली. सांदवाडीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. माय भारावून गेली. ओलीला न घाबरणारी, पाण्याची कुरकूर न करणारी, घराच्या प्रत्येक लाकडाला हात लावणारी बाई. यापेक्षा चांगली धनीण कुठं मिळणार?

"हेच," ती रात्री बाबांना म्हणाली. "खाली पायनारा मानूस घर मोडते. वर पायनारा त्याच्यात रायते."

बाबांनी ठेकेदाराला नकार कळवला. दुर्गला जाऊन रजिस्ट्री झाली. बाबूनं कागद हिंदीत भरभर वाचला, दोघांनी सह्या केल्या, आणि आम्ही ट्रंका, भांडी, उखळ घेऊन सेक्टरात राहायला गेलो. नळ सोडला की पाणी येत होतं. मी दिवसभर तो सोडत आणि बंद करत होते. मायनं मात्र पहिले काही दिवस कुठल्याच भिंतीला हात लावला नाही.

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी तिनं वडे तळले. नव्या माणसांचं बस्तान कसं बसलं ते पाहायचं म्हणाली. मला आणि बाबांना घेऊन ती निघाली तेव्हा तिच्या पायात भलताच जोर होता. त्या रस्त्यावर एक वळण आहे, तिथून आमचं छप्पर दिसायचं. माय तिथं थांबली. छप्पर अर्धंच होतं.

ती धावत सुटली. मागून आम्ही. अंगणात बंडी उभी, बैल सोडलेले. तो गँगमन वर चढून कवेलू काढून देत होता, बाई ते झेलून बंडीत तणसावर रचत होती, आणि चौकटीच्या फटीत ती उचकटायला लोखंडी सब्बल घातलेली होती.

"अवो बाई, काय करून राहिली?" माय ओरडली. "तुमी त इथं रायतो म्हनलं होतं न!"

बाई गोंधळली. हातातले कवेलू तिनं जपून खाली ठेवले. "राहूच न बाई. तिकडं नेऊन उभं करतो, रुळाच्या बाजूले. पाहा न, एक कवेलू फुटू नाई दिलं."

"पन नेता कावून?" बाबा म्हणाले. "इथं काय झालं?"

"इथं जागा तुमची हाय न जी," गँगमन वरून म्हणाला. तोही घाबरला होता. आपलं काही चुकलं का, असा त्याचा चेहरा. "तुमाले लवकर खाली करून द्या लागन, म्हनून घाई करून राहिलो."

मग बाबा हळूच म्हणाले, "अरे बाप्पा. मंग दुर्गले काय केलं आपन? जागाच त केली तुमच्या नावानं. घर तिच्यासंग."

माणूस शिडीवरून उतरला. एकेक पायरी चाचपत उतरला. सागाच्या लाकडासाठी एवढे पैसे आणि एवढी लिखापढी लागत असेल असं त्याला वाटलं होतं.

हे ऐकून मी हसले असते, पण मायचा चेहरा पाहिला. मला तेव्हा न कळलेलं तिला एका क्षणात कळलं होतं. आमच्या गावीही असंच होतं. आमच्या वस्तीत कुणाच्याच पायाखालची जागा स्वतःची नव्हती. जागा मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, वरचं लाकूड आणि कवेलू तेवढे आपले. घर विकलं म्हणजे लाकूड विकलं. गाव सोडलं तर बंडीत मावेल तेवढंच घर. आमची चौकट तशीच तर आली होती. या बाईनं वर पाहिलं, कारण विकत मिळतं ते वरच असतं एवढंच तिला आयुष्यानं शिकवलं होतं. जिथं राहायचंच नाही तिथली ओल आणि विहीर ती कशाला पाहील?

माय रागानं पेटून आली होती. तो राग आता कुठं ठेवावा ते तिला समजेना. तिनं तणसातलं एक कवेलू उचललं, पदरानं पुसलं.

"आमी बी असंच आनलं होतं," ती म्हणाली.

बाई तिच्याकडे पाहत होती. "मंग हे खालची बी?" तिनं विचारलं. "माती बी?"

"खालची बी."

"इहीर?"

"इहीर बी. तुमचीच."

"अन् मंग आमाले उठा म्हनून कोन येईन?"

"कोनी नाई येत," माय म्हणाली. तिनं बाईचा हात धरला आणि तिला घेऊन जागेच्या कडेनं चालू लागली. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत, मग तिसऱ्या, आणि सांदवाडीतल्या चौथ्यापर्यंत. घर दाखवताना मायनं सगळं दाखवलं होतं, भिंतीची ओलसुद्धा लपवली नव्हती. फक्त जमीन दाखवायची राहिली होती, कारण ती तर दिसतेच असं तिला वाटलं होतं. म्हणून मी आजही सगळ्यांना सांगते, घेणाऱ्याला जागेचे चारी कोपरे पायी फिरवून दाखवा आणि काय काय विकतोय ते तोंडानं म्हणा, समोरच्याला माहीतच आहे असं धरून चालू नका. भाचा इथं म्हणाला, "आत्या, फ्लॅटले कोपरे कुठून आनू?" त्याला मी दुसरा चहा दिला नाही.

मग कवेलू परत चढले. गँगमन वर, बाबा शिडी धरून, माय आणि मी खालून देणाऱ्या. सब्बल काढली, चौकटीभोवतीची पडलेली माती मायनं स्वतः भिजवून भरली. आयुष्यात पहिल्यांदाच ती चौकट उखडता उखडता राहिली होती. वडे सगळ्यांनी उभ्या उभ्याच खाल्ले. घर उभं राहिलं, मायची अट राहिली, आणि ती इतकी खूश होती की बाबांना "शिडी नीट धरा" म्हणून चार वेळा उगाचच रागावली.

उन्हं उतरायला आली तेव्हा लक्षात आलं, बाई कुठं दिसत नाही. माय आणि मी मागं गेलो. विकायचं ठरल्यापासून मायनं सांदवाडीकडे पाहिलं नव्हतं, तरोट्याचं रान कमरेएवढं वाढलं होतं. अगदी टोकाला, चौथ्या दगडापाशी, पोराला बाजूला बसवून बाई तो तरोटा उपटत होती. मुळासकट. उपटलेल्याचा ढीग झाला होता. परक्याच्या जागेतलं गवत कुणी असं उपटत नाही.

"अवो राहू दे, उद्या काढजो," माय म्हणाली. बाईनं मान वर केली नाही. मग माय पदर खोचून तिच्या शेजारी बसली आणि एका झुडपाला हात घातला.

बाईनं तो हात धरला. हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "माह्यी जागा हाय न. मीच काढतो."

मला त्या दोघींबद्दल तेव्हा जे वाटलं त्याला प्रेमाशिवाय दुसरा शब्द नाही. मायचे डोळे भरून आले होते, आणि ते सुखानं की दुःखानं हे मी तिला नंतर कधी विचारलं नाही. ती उठली, हाताची माती झटकली, आणि दगडाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.