तिसऱ्या वळणावर पडणारी चेन

न्यूमोनियातून उठलो आणि माझा लोकांच्या गोडव्यावरचा विश्वासच उडाला. पुण्यात धडधाकट माणसाशी कुणी गोड बोलत नाही. पाच महिन्यांनी मी सिंहगडाच्या घाटात पुन्हा सायकल घालायचं ठरवलं, तेव्हा दर रविवारी सायकलवर निघणाऱ्या आमच्या चौघांतले निवृत्त बँकवाले म्हणाले, "सावकाश या हं, घाई कसलीय." माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. आजारपणाआधी मी मागे राहिलो तर हेच गृहस्थ वर स्वागताला उभे असायचे, "या! आम्हाला वाटलं, उद्या येताय."

डॉक्टरांनी छाती साफ आहे म्हणून सांगितलं होतं. पण डॉक्टर आणि घरचे मिळून माझ्यापासून काहीतरी लपवतायत असं मला सारखं वाटायचं. घाट काही कुणाच्या सांगण्यावरून खोटं बोलणार नाही, म्हणून मला घाट चढायचा होता. आणि तोही कुणाच्या मेहेरबानीशिवाय.

आमचा एक नियम होता. घाटात माणसासाठी थांबायचं नाही, सायकल बिघडली तरच थांबायचं. दम लागला, पोटरीत गोळा आला, तरी रेटायचं. नाहीतर निमूटपणे मागे फिरायचं. जो मागे फिरला त्याची पुढे वर्षभर टिंगल व्हायची. नियम कुणी केला ते आठवत नाही, पण मोडला कुणीच नव्हता.

पहिल्या रविवारी खडकवासल्यापर्यंत ठीक गेलं. घाट लागल्यावर दोघं पुढे निघून गेले आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र माझ्या थोडा पुढे राहिला. तिसऱ्या वळणाच्या चढावर माझी छाती भरून आली आणि नेमका तो उतरला. "चेन पडली रे!" मीही थांबलो. नियमात बसत होतं. त्यानं पाठमोरं वाकून चांगली पाच मिनिटं खटपट केली. पुढच्या रविवारी तेच वळण आणि तीच चेन. तिसऱ्या रविवारीही तेच. योगायोगानंसुद्धा काही लाज बाळगावी!

यात हिचा हात असणार असं मी धरून चाललो. घरी आल्यावर विचारलंच, "तू त्याला काही सांगून ठेवलंयस का?"

"हो, आमचा रोज कट शिजतो," ही म्हणाली. "कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला." आणि पुन्हा गवार मोडायला लागली. एवढ्या सफाईनं उत्तर आलं म्हणून माझा संशय उलट वाढला.

त्या शनिवारी मी पंप परत द्यायच्या निमित्तानं मित्राकडे गेलो. तो वर चहा सांगायला गेला तेवढ्यात पार्किंगमध्ये त्याची सायकल उचलून पॅडल फिरवलं. सगळे गिअर टाकून बघितले. चेन एकदाही पडली नाही. आता फक्त मुद्देमालासकट पकडायचं बाकी होतं. चहा मी अगदी हसतमुखानं प्यालो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणाआधीच मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलो. तो उतरला, "चेन" म्हणाला, आणि मी थेट त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. चेन जिथल्या तिथं होती.

"मला कळत नाही असं वाटलं होय तुला?" मी ओरडलो. "चार रविवार नाटक करतोयस! कीव करायची असेल तर घरी बसून कर. मला तुझ्या उपकाराची गरज नाही. चढेन नाहीतर पडेन, माझं मी बघून घेईन!"

तो तसाच कठड्यावर बसला. मी उत्तराची वाट बघत राहिलो, तेव्हा कुठं कळलं की त्याला बोलताच येत नव्हतं. चेहरा राखाडी पडला होता आणि तो डावा खांदा चोळत होता.

"तुझ्यासाठी कोण थांबलंय?" श्वास सावरत तो म्हणाला. "मलाच इथं धाप लागते. दिवाळीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तुझ्यापुढे तब्येतीचं नुसतं नाव काढलं तरी तू अंगावर येतोस."

मला फार लाज वाटली. वरून रिकामी उतरणारी एक जीप मी हात करून थांबवली, दोन्ही सायकली टपावर चढवल्या आणि ड्रायव्हरला सांगितलं, की वाटेत कुठंही थांबू नका, सरळ दवाखान्यात चला.

"तू जा की वर," मित्र म्हणाला. "आज चढला असतास."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याचा हात धरला. हात गार होता. जीप धरणाजवळ आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मीही तोच चढ चढून आलो होतो, आणि आल्या आल्या त्याला ते सगळं एका दमात सुनावलं होतं.