फाटकाबाहेरचा लाकूडतोड्या

"थांबा, कुणी राहिलंय का बघा."

कोणतेही दार बंद होऊ लागले की आमचे शेजारी हे वाक्य म्हणत आणि उजव्या हाताचा पंजा छातीच्या उंचीवर उभा धरत. दार कशाचे आहे, याला महत्त्व नव्हते. पिठाच्या गिरणीचे शटर असो, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप असो किंवा आमच्या शाळेचे फाटक असो. त्यांचा पंजा वर जाई, मान बाहेर निघे, रस्ता आधी डावीकडे व मग उजवीकडे पाहिला जाई आणि त्यानंतरच ते "हं, चालू द्या" म्हणत. एकदा माझी पत्नी आमच्या फ्रिजचे दार लावत असताना त्यांचा पंजा असाच वर गेला. त्या वेळी मात्र त्यांचे त्यांनाच हसू आले.

लहान गावाच्या बसस्थानकावर ज्यांनी थोडा काळ काढला आहे, त्यांनी ही सवय कोठली हे ओळखले असेल. ते आमच्या नळदुर्गच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. फलाटासमोरच्या खिडकीत बसायचे, कोणती बस कोठे लागली आहे ते ध्वनिक्षेपकावरून सांगायचे आणि बस सुटण्याची परवानगी द्यायची, हे त्यांचे काम. लांब पल्ल्याच्या गाड्या त्यांनी कधी अडवल्या नाहीत. पंजा वर जाई तो खेड्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीसाठी. बाजार करून निघालेली एखादी बाई डोक्यावर बोचके घेऊन वळणावर दिसली की गाडी थांबलीच. याबद्दल वरिष्ठांनी विचारणा केली, तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब, गाडी उशिरा का होईना, पोचती. ती बाई पोचतच न्हाय."

गाव त्यांना कंट्रोलर म्हणे. मी त्यापुढे साहेब जोडत असे.

निवृत्तीनंतर काही काळाने त्यांच्या पत्नी गेल्या आणि घर शांत झाले. त्यांची एकुलती मुलगी माझी विद्यार्थिनी. गणितात नीटस, उत्तराखाली दोन रेघा ओढणारी. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. तिने आपला जुना संगणक वडिलांच्या टेबलावर आणून ठेवला आणि त्यात एक किल्ल्याचा खेळ घालून दिला. रविवारी सकाळी ती पुण्यातून आणि हे नळदुर्गातून, असा तो खेळ इंटरनेटवरून दोघे खेळत; किल्ला यांचा आणि वेढा घालणारी फौज तिची. फोन शेजारी चालू असे. बोलण्यासारखे फारसे नसलेल्या दोन माणसांना त्यामुळे विषय मिळाला.

खेळाची रचना समजल्याखेरीज पुढची हकिकत कळणार नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. काळ मध्ययुगाचा, मुलूख परदेशी. पडद्यावर एक मोकळी टेकडी असते. तिच्यावर किल्ला बांधायचा. त्यासाठी लाकूडतोडे रानात पाठवायचे, दगडाची खाण उघडायची, गहू पेरायचा, दळायचा, त्याचे पाव भाजायचे आणि कोठारात भरायचे. शिधा कमी पडला तर लोक नाराज होऊन किल्ला सोडून जातात. हा व्याप सांभाळत असतानाच शत्रूचे नगारे वाजतात आणि वेढा पडतो. तेव्हा फाटक लावायचे, तटावर धनुर्धारी चढवायचे आणि कोठारावर तग धरायचा. अर्धा खेळ संसाराचा, अर्धा लढाईचा. कंट्रोलर साहेबांना पहिला अर्धा उत्तम येई.

अर्थात त्यातही त्यांच्या तक्रारी होत्या. "सर, ह्येच्यात ज्वारी न्हाय," त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितले. "नुस्ता गहू. रोज पाव खाऊन माणूस लढंल कसा?"

टंचाईच्या वेळी शिधा अर्धा करण्याची सोय खेळात आहे. मी ती त्यांना दाखवली. त्यांनी ती नीट समजून घेतली आणि मग म्हणाले, "तुमी करा तुमच्या किल्ल्यात. माझ्याकडं अर्ध्या ताटावरून कुणी उठायचं न्हाय."

त्यांची बोली आमच्या भागातली, परंतु घोषणेचा आवाज लागला की भाषा एकदम शुद्ध होई. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. रविवारी सकाळी तिच्यातून ऐकू येई, "गहू घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांनी कृपया लक्ष द्यावे. आपली गिरणी दक्षिण बुरुजाशेजारी लागलेली आहे." पडद्यावरची इवलीशी माणसे आपापल्या वाटेने जातच असत, पण घोषणा झाल्याखेरीज ती नीट पोचतील, असा त्यांचा विश्वास नव्हता.

आमच्या गावाला खरा किल्लाही आहे. त्यातल्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेल्या पाणीमहालावरून पाणी कोसळू लागले की लांबलांबचे लोक तो पाहायला येतात. मी मुलांची सहल नेताना त्यांना एकदा सोबत बोलावले. ते म्हणाले, "तिथं माझं काय काम? तिथलं फाटक दुसरं माणूस लावतंय."

आणि नेमके फाटक लावणे हेच त्यांना जमत नसे.

रविवारच्या या खेळाला मी आणि हमरस्त्यावर ढाबा चालवणारे आमचे तिसरे शेजारी, असे दोन प्रेक्षक असत. नगारे वाजले, दूरवर शत्रूचे निशाण दिसले की ढाबेवाले खुर्चीच्या कडेला सरकत. "लावा फाटक, कंट्रोलर!"

"थांबा. कुणी राहिलंय का बघू."

"कोण राहतंय? खेळ हाय त्यो!"

"लाकूडतोड्या न्हाय आला अजून. त्यो बघा, झाडापाशी."

त्या लाकूडतोड्याची चाल मंद. खांद्यावर ओंडका, पाऊल टेकवत टेकवत तो येत असे. त्याच्या मागून शत्रूचे घोडेस्वार, आणि फाटक सताड उघडे.

"घ्या!" ढाबेवाले म्हणत. "आता दुश्मन आत येऊन चहा मागंल. साखर हाय का घरात?"

फोनमधून मुलीचे हसू ऐकू येई. "अण्णा, परत तेच?"

"असू दे माय. पुढच्या वेळी."

हे असेच चालले असते. परंतु एका सकाळी कंट्रोलर साहेब न्हाणीघरात पाय घसरून पडले. कडी आतून लावलेली होती. मुलीने पुण्याहून फोन लावला, तो वाजत राहिला. तेव्हा तिने ढाबेवाल्यांना कळवले, त्यांनी मला हाक मारली आणि खांदा देऊन दार उघडले. हाड मोडले नव्हते. भिंतीला टेकून बसलेल्या साहेबांनी आम्हांला पाहताच म्हटले, "एवढा वेळ लावला व्हय?" आणि उठवण्यासाठी हात पुढे केला.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. ती वडिलांना कायमचे पुण्याला न्यायला आली होती आणि वडील जायला तयार नव्हते. माझ्या ओसरीवर बसून ती म्हणाली, "सर, अण्णांनी अख्ख्या गावासाठी गाडी थांबवली. आई अन् मी घरी ताटं वाढून बसायचो. आमची भाजी रोज थंड व्हायची. तक्रार नाही करत. पण आता थांबायचं काम माझ्याकडं आलंय. फोन वाजत राहतो ना, तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय होऊन जातं."

मी तिला सांगितले की हे त्यांनाच सांग. ती म्हणाली, "त्यांना सांगितलं तर घोषणा करतील."

शेवटी तोडगा तिनेच काढला. तिने आम्हां दोघा प्रेक्षकांच्या देखत वडिलांपुढे अट ठेवली. येत्या रविवारी खेळायचे. तिच्या वेढ्यात त्यांचा किल्ला टिकला, तर ते नळदुर्गातच राहतील आणि ती पुन्हा हा विषय काढणार नाही. किल्ला पडला, तर ते तिच्याबरोबर येतील.

"हे बरोबर न्हाय," ढाबेवाले म्हणाले. "ह्यांचा किल्ला कधी टिकलाय?"

"म्हणूनच टिकवायचा," साहेब म्हणाले. "चालंल माय. मंजूर."

आता शेजारी म्हणून आमचे कर्तव्य स्पष्ट होते. त्यांच्याशिवाय रविवार कसा जाईल, याची कल्पना मला आणि ढाबेवाल्यांना करवत नव्हती. मी आठवडाभर शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे बसलो आणि त्यांचा दोष अभ्यासल्यावर माझ्या लक्षात एक उपाय आला. रानाच्या कडेला उभारलेली लाकूडतोड्याची झोपडी मोडली की त्याचे काम संपते आणि तो आपणहून किल्ल्यात परततो. म्हणजे नगारे वाजण्याची वाट न पाहता, लाकूड पुरेसे साठताच सगळ्या झोपड्या मोडायच्या. मग फाटकाबाहेर राहणार कोण? मी हे त्यांना वहीवर आकृती काढून समजावले. त्यांना ते पटले. त्यांनी सराव केला आणि संगणकाविरुद्ध खेळताना फाटक वेळेवर लावून दाखवले. ढाबेवाल्यांनी त्या दिवशी ढाब्यावरून भजी आणली.

ठरलेल्या रविवारी मुलगी पुण्यात परतलेली होती. फोन मधोमध ठेवला. साहेब स्वच्छ शर्ट घालून बसले होते.

सगळे शिकवल्याप्रमाणे झाले. कोठार भरले, तट उभा राहिला, खंदकात पाणी आले. झोपड्या मोडल्या गेल्या आणि लाकूडतोडे एकामागून एक आत येऊ लागले. साहेब पुटपुटत त्यांची गणती करत होते. नगारे वाजले. मुलीचे घोडेस्वार ओढ्यापलीकडे दिसले, अजून बरेच दूर.

"लावा," मी म्हणालो.

त्यांनी माउसची खूण फाटकावर नेली. मग त्यांचा पंजा वर गेला.

टेकडीच्या पार पायथ्याशी एक लाकूडतोड्या ओंडका घेऊन येत होता. झोपडी मोडली तेव्हा तो झाड तोडून निघालेला असावा. माझ्या आकृतीत हे धरलेले नव्हते.

"कंट्रोलर, एक माणूस हाय! एकच!" ढाबेवाले उभे राहिले. "तुमचं घर जातंय!"

"दिसतोय त्यो. येतोय. ओझं हाय खांद्यावर."

 मुलीलाही तो दिसत असणार. घोडेस्वारांनी ओढा ओलांडला. साहेबांनी खुर्चीतून किंचित पुढे वाकून अगदी हलक्या, पण घोषणेच्याच आवाजात म्हटले, "किल्ल्याकडे येणाऱ्या प्रवाशाने घाई करू नये. फाटक उघडे आहे."

लाकूडतोड्याने पुलावर पाऊल ठेवले, आणि त्याच्या पाठोपाठ घोडेस्वार आत शिरले. त्यानंतर काय होते, हे आम्ही अनेक रविवारी पाहिलेले होते. तटावरचे धनुर्धारी पडले, पावांचे दुकान पेटले, मधल्या गढीवरचे निशाण उतरले.

"त्यो आत आला का?" साहेबांनी विचारले.

मी पडदा पाहिला. धुराच्या कडेला, कोठाराशेजारी, तो ओंडका उतरवून उभा होता. "आला," मी म्हणालो.

"हं. चालू द्या." त्यांनी चष्मा काढून पुसला.

 फोनमधून मुलगी म्हणाली, "अण्णा, मला थांबता आलं असतं. घोडे अडवता आले असते."

"थांबायचं न्हवतं. तुझी गाडी वेळंवर सुटली, ते बरं झालं. कधी येतीस न्यायला?"

ते मुद्दाम हरले, असे ढाबेवाल्यांचे ठाम मत आहे. उत्तर न येणारा विद्यार्थी आणि उत्तर येत असून न लिहिणारा विद्यार्थी, यांतला फरक मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कळतो, असे मी समजत होतो. या बाबतीत तो मला कळला नाही. मला एवढेच सांगता येईल की फाटकावरची त्यांची खूण स्थिर होती.

मुलीने खासगी गाडी करण्याची तयारी दाखवली होती. साहेबांनी बसच हवी, असा हट्ट धरला. म्हणून ती न्यायला आल्यावर निघायच्या सकाळी आम्ही सगळे स्थानकावर गेलो. सामान थोडेच होते. संगणक खोक्यात बांधून ढाबेवाल्यांनी स्वतः मागच्या बाकाखाली सरकवला. उमरग्याकडून आलेली पुण्याची बस फलाटाला उभी होती. खिडकीतल्या नव्या नियंत्रकांनी जुन्या साहेबांना पाहिले, उठून नमस्कार केला आणि ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे केला.

साहेबांनी घसा साफ केला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नळदुर्गहून सोलापूरमार्गे पुण्याला जाणारी बस फलाटावर लागलेली असून थोड्याच वेळात सुटणार आहे. प्रवाशांनी आपापल्या जागी बसून घ्यावे."

कोपऱ्यातल्या केळीवालीने टोपली खाली ठेवली आणि ऐकत उभी राहिली. साहेबांनी तीच घोषणा पुन्हा केली. मग बस कोठे कोठे थांबेल, ते सांगू लागले. चालक जागेवर बसला, इंजिन सुरू झाले. वाहकाने मागे एकदा नजर टाकली, बाके भरलेली पाहिली आणि घंटीच्या दोरीला हात घातला.

मुलगी दाराच्या पायरीवर उभी होती. तिने बाहेर मान काढली, नियंत्रकांच्या खिडकीकडे पाहिले आणि उजव्या हाताचा पंजा छातीच्या उंचीवर उभा धरला.

"थांबा," ती वाहकाला म्हणाली. "आमचं एक माणूस राहिलंय."