तुपातला रोडगा

परवा अकोल्यात एका जेवणाच्या आवतनाला गेले आणि अंगणातल्या गोवऱ्यांच्या धुराच्या वासानं मला थेट भातकुलीजवळच्या मावशीच्या शेतातल्या एका जुन्या दुपारी नेऊन बसवलं. तेव्हा मी महिनोन्‌महिने काकडी आणि काळ्या चहावर काढले होते. केस मूठमूठ गळत होते, पण वजनाचा काटा हलायला तयार नव्हता. "पोटभर जेवायला लागा, मगच वजन उतरेल," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पण माझा विश्वास बसला नव्हता. त्या दुपारी मावशीनं निखाऱ्यात भाजलेला कणकेचा रोडगा राख झटकून माझ्या ताटात कुस्करला, वर वांग्याची भाजी वाढली आणि तुपाची धार धरली. मी बोटानं तूप बाजूला सारू लागले. "कावून वं, ताटाले भिऊन राहिली का?" मावशी म्हणाली आणि मला रडूच फुटलं. रडत रडत मी तो रोडगा संपवला, दुसरा मागून घेतला आणि बाभळीखाली गाढ झोपले. उठले तेव्हा नेहमी गार पडणारे माझे हात ऊबदार होते. मग मी रोज जेवत राहिले आणि वजनही हळूहळू उतरत गेलं. परवा तूप वाढणारी मला वगळून पुढं निघाली, तेव्हा मीच तिला हाक मारली.