गोल झाल्यावर न उठणारा माणूस

गोल झाला तरी काचवाले काका जागचे उठले नाहीत, हे त्यांच्या मुलीने शेजारच्या खुर्चीतून पाहिलं आणि ती सामना सोडून त्यांच्याकडेच बघू लागली.

खिडक्यांना काचा बसवण्यात काकांचं आयुष्य गेलं. काचेवर काच कापायची हिरकणी ओढताना श्वास रोखायचा, काच सरळ तुटली की मगच सोडायचा. आठवडाभर असा जपून वापरलेला श्वास ते पूर्वी एका गोलसाठी उधळून टाकायचे. अनोळखी माणसांच्या गळ्यात पडायचे. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, आमच्या लग्नातसुद्धा हे एवढे खूश नव्हते.

यंदा वाढदिवसाला मुलीने त्यांना मोठ्या स्टेडियममध्ये नेलं होतं. गादीची खुर्ची, समोर भलामोठा पडदा. काकांच्या लहानपणापासूनच्या आवडत्या संघाने शेवटच्या मिनिटाला गोल केला. काका पडद्याकडे बघत राहिले. पंचाने कानातल्या यंत्राला हात लावला. कुणाच्या पायाचा अंगठा ऑफसाइडच्या रेषेपुढे होता का, याची व्हिडिओवर तपासणी सुरू झाली. बऱ्याच वेळाने गोल मंजूर झाला, तेव्हा काकांनी भाषण संपल्यावर वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या.

घरी येताना मुलीने विचारलं, आवडलं नाही का? छान होतं, म्हणाले.

काकांच्या दुकानाशेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून रोज हेच सांगायचा, की फुटबॉलमध्ये आता राम उरला नाही. खेळाडू भाडेकरूंसारखे संघ बदलतात, सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात. काका मान हलवायचे. पण त्यांना पोखरणारा किडा वेगळाच होता. काकू गेल्यापासून ते धड रडले नव्हते, पोट धरून हसले नव्हते. आत काहीतरी जिवंत आहे याची एकच खूण उरली होती, गोल. खेळ बिघडला असेल तर बिघडो बापडा. पण आपणच विझलो असलो तर?

रविवारी मुलगी त्यांना ओढतच पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर घेऊन गेली. जावई बेकरीत कामाला होता आणि बेकरीच्या संघाचा गोलकीपरही. समोर बस डेपोचा संघ. फक्कीने आखलेल्या रेषा, बसायला पालथी खोकी. मुलगी जावयाच्या गोलमागे जाऊन उभी राहिली, काका अलीकडे डेपोच्या एका ड्रायव्हरशेजारी टेकले.

बेकरीने पहिला गोल केला. सगळे ओरडले. काका टाकीच्या वर, आभाळात स्टेडियमसारखा पडदा शोधत बसले.

"काय बघताय, काका?" ड्रायव्हरने विचारलं.

"तपासतील ना आता."

"कोण तपासणार? आमच्या पंचाला स्वतःची शिट्टी सापडत नाही. झाला म्हणजे झाला."

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. काकांचे कान तापले. इथेही आपण दगडासारखेच बसलो, हे त्यांना फार लागलं.

डेपोने बरोबरी केली तीही त्यांनी तशीच, खाली मान घालून ऐकली. मग खेळ संपत आला असताना डेपोच्या पोट सुटलेल्या मेकॅनिकने हवेतला चेंडू जमिनीला टेकूच दिला नाही. गर्रकन वळून असा हाणला, की तो खांबाला आतून चाटून जाळ्यात गेला.

पुढचं काकांना नंतर इतरांनी सांगितलं. खोकं उलटं पडलं होतं. ड्रायव्हरच्या गळ्याला त्यांची मिठी होती. आणि घशातून जे निघत होतं त्याला शब्द म्हणता येत नव्हतं.

जावई चिखलात पालथा पडला होता.

मुलगी मैदानाला वळसा घालून तरातरा आली. "बाबा, गोल खाल्लाय तो तुमच्या जावयाने."

"माहीत आहे गं," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं. "पण तू बघितलास ना?"

ती रागावायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पदराआडून हसावं तसं तिने तोंड फिरवलं. तिचा जीव भांड्यात पडला होता.

तेवढ्यात जावई चिखल पुसत आला. "मामा, निदान जरा हळू तरी ओरडायचं."

बेकरी त्याच गोलने हरली. परतताना जावई गप्प, म्हणून मुलगीही गप्प. त्यांच्या मागून त्याची बॅग घेऊन चालताना काकांनी रीतीप्रमाणे तोंड पाडून पाहिलं. ते काही केल्या पडेना.