सत्यवतीबाईंचं कोरं पान

सत्यवती पाटकर आमच्या मालवणच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि मी शिवण. दोघी एकाच घरात राहायचो. त्यामुळे तिच्या शिक्षणाचा जो काही ताप झाला तो निम्मा मला झाला, आणि त्याबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे.

एकसष्ट साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, बाईंनी ठरवलं की मुंबईला जाऊन उपयोजित मानसशास्त्राची उच्च पदविका घ्यायची. हेडमास्तरांना हे नाव एका दमात म्हणता येईना. रजेच्या नोंदीत त्यांनी ‘मनाचा कोर्स’ एवढंच लिहिलं. तिच्या भावाचं पत्र आलं की लग्न नको म्हणालीस ते आम्ही ऐकून घेतलं, आता हे तरी नको. तिने पत्राची घडी घालून पुस्तकात खूण म्हणून ठेवली आणि बोटीत चढली.

वर्षाने परत आली ती एक पेटी घेऊन. पेटीत रंगीत ठोकळे, थांबवायचं घड्याळ आणि चित्रांची पुठ्ठ्याची पानं. पहिला प्रयोग अर्थात माझ्यावर. ठोकळ्यांची एक नक्षी दाखवून म्हणाली, अशी जुळव. मी तिच्यापेक्षा बरी नक्षी जुळवली, तर म्हणते, चूक. शिवणाच्या बाईला नक्षीत चूक काढणाऱ्या शास्त्राबद्दल माझं मत तिथेच पक्कं झालं.

पण खरी मेख शेवटच्या कामात होती. सगळे पेपर पास झाले तरी एका माणसाचा पूर्ण अभ्यास करून दिल्याशिवाय पदविका मिळत नाही. बारा बैठका घ्यायच्या. तो माणूस असा का वागतो, ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि बैठकीला तिसरं माणूस हजर नको. अशा माणसाला ते ‘प्रयुक्त’ म्हणतात. मार्चअखेर अहवाल मुंबईला पोचला नाही तर वर्ष फुकट, आणि दुसऱ्यांदा रजा देणार नाही असं हेडमास्तरांनी आधीच बजावलेलं.

तिने प्रयुक्त निवडला तो महादू तांडेल. पंचवीस वर्षं हा माणूस गलबतावर तांडेल होता, म्हणजे बोटीचा प्रमुख, मागे सुकाणूवर बसणारा. मालवणहून मुंबईपर्यंतचा प्रत्येक खडक त्याला तोंडपाठ. आणि तीन वर्षांपूर्वी एके दिवशी तो किनाऱ्यावर उतरला तो पुन्हा पाण्यात गेलाच नाही. रापणीचं जाळं ओढायला यायचा, पण किनाऱ्यावरून दोर धरायला. जाळं टाकायला होडीत चल म्हटलं की मान खाली. का, ते त्याच्या बायकोला, मथुरेलासुद्धा ठाऊक नव्हतं. बाकी गावाला मात्र ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वेगळं.

पहिल्या बैठकीला मी तिची पेटी धरून सोबत गेले. महादूच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वीस-बावीस माणसं आधीच बसलेली. “तिसरं माणूस नको,” सत्यवतीने सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण प्रत्येकाच्या मते तिसरं माणूस म्हणजे शेजारचं. मग शेजारचे दाजी उठले. देवळात कोणाचंही गाऱ्हाणं देवापुढे घालायचं ते दाजींनीच. ज्याचं गाऱ्हाणं तो फक्त हात जोडून उभा राहतो. दाजींनी इथेही डोळे मिटले.

“हे बाये, तू मुंबयसून मोठी विद्या शिकान इलंस. ह्या महादूची तीन वर्सा दर्याची वाट बंद झाली आसा. इजयदुर्गाच्या खाडीत ह्याच्या हातान काय चुकला-माकला असात, कोणी मागसून काय केला असात, तर ता सगळा तुझ्या वहीत घे, आणि ह्याका पयल्यासारखो सुकाणूर बसव!”

“होय म्हाराजा!” सगळं खळं म्हणालं. महादूही म्हणाला.

सत्यवतीने वहीत लिहिलं: प्रयुक्ताचे शब्द – होय. तेवढंच. दुसऱ्या बैठकीत तेच. तिसरीत, महादूकडून काही निघेना म्हणून, मथुरेला चित्र दाखवलं, एक बाई खिडकीशी उभी आहे, हिच्या मनात काय चाललं असेल? मथुरा म्हणाली, “हिच्या चुलीर काय नाय दिसता, म्हणान उभी रवली.” पाचवीपर्यंत बाईंच्या नाकी नऊ आले. घरी येऊन ती वही आपटायची आणि मी म्हणायचे, आपल्याकडे माणूस स्वतःचं कधी स्वतः सांगतो का, तुझी बारा बैठकांची परीक्षा आम्हाला विचारून काढायला हवी होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सहाव्या बैठकीत दाजींचं गाऱ्हाणं महादूच्या बापापर्यंत गेलं. दर्यात बुडालेल्या बापाची छाया मुलावर पडली, असं काहीतरी. आणि महादू एकदम म्हणाला, “माझो बापूस बुडाक नाय. खाटीर मेलो. हगवण लागली हुती.”

सत्यवतीची पेन्सिल थांबली. सहा बैठकांत तिने शंभर प्रश्न विचारले होते, एकाचंही उत्तर आलं नव्हतं. आणि एक चुकीची गोष्ट कानावर पडताच माणूस बोलला. आमच्याकडच्या माणसाला विचारायचं नाही, त्याचं चुकीचं सांगायचं, हे तिला कळलं. मुंबईच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं, आणि त्या दिवशी प्रथमच मला वाटलं की बाई हुशार आहे.

पुढच्या बैठका तिने किनाऱ्यावर घेतल्या. महादू जाळं विणत बसायचा, पाठ हिच्याकडे. दाजी आले की ती त्यांच्या हाती घड्याळ द्यायची आणि लांबच्या सुरूच्या झाडापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजायला सांगायची. शास्त्राचं काम म्हणून दाजी मान ताठ ठेवून चालायचे. तेवढ्यात ही वहीतून मोठ्याने वाचायची, “महादू बायकोवर रुसून किनाऱ्यावर बसले.” “बायलेर कित्याक रुसात मी?” महादू म्हणायचा, आणि पुढे दहा वाक्यं बोलायचा. “महादूंना पाण्याची भीती वाटते,” हे वाचलं त्या दिवशी तर त्याने जाळंच खाली ठेवलं.

बाराव्या बैठकीहून ती आली, तर वही पिशवीतून काढलीच नाही. मी विचारलं, कळलं?

“कळला गो.”

“मग सांग.”

“त्यांका शब्द दिलंय. कोणाक सांगूचंय नाय आणि कागदारय लिवचंय नाय.”

मी कपाळाला हात लावला. अहवाल गेला ऐंशी पानांचा, सुरेख अक्षरातला, आणि त्यात ‘कारण’ असा मथळा असलेलं एक पान पांढरंफटक. एप्रिलमध्ये सोमवारी संस्थेचं पत्र आलं: कारणाचे पान प्रयुक्ताच्या शब्दांत भरून गुरुवारी तोंडी परीक्षेस हजर राहावे, अन्यथा अहवाल नामंजूर. पत्रासोबत ते पानही परत आलेलं.

तिने मंगळवारच्या बोटीचं तिकीट काढलं. नापास व्हायला मुंबईला कशाला जायचं, असं मी विचारलं, तर म्हणे, बोलावलंय तर जायला हवं. मला राग आला. तिचा, महादूचा, संस्थेचा, सगळ्यांचा. संध्याकाळी मी तरातरा किनाऱ्यावर गेले आणि महादूला पत्रातलं सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या पानार त्यांनी काय लिवल्यानी?”

“काय नाय. कोरा आसा.”

“एक अक्षर नाय?”

“एक अक्षर नाय. म्हणानच नापास जातली.”

तो पुन्हा जाळं विणायला लागला. दगडाशी बोलले असते तर बरं झालं असतं, असं मनात म्हणत मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मीही तिच्यासोबत निघाले, तर धक्क्यावर धुतलेला सदरा घालून महादू उभा. तिसऱ्या दर्जाचं तिकीट हातात. त्याला पाहताच सत्यवतीचा चेहरा उतरला. ती त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, “तुमी नुको येव. येवचाच तर एसटीन येवा.”

“एसटी गुरुवारच्या आदी पोचात काय, बाईनू?” तो म्हणाला आणि आमच्या आधी पडावात चढला. पडाव म्हणजे लांब नांगरलेल्या बोटीपर्यंत माणसं नेणारी होडी. अर्ध्या वाटेतच महादू हिरवट दिसू लागला.

देवगड यायच्या आत सगळा उलगडा झाला. कठडा धरून, डेकवरच्या दोनशे माणसांदेखत, महादू तांडेल पोटातलं सगळं दर्याला देत होता. त्याच बोटीने दाजी मुलाकडे गिरगावात निघालेले. ते धावत आले, पाठीवरून हात फिरवायला लागले, आणि हात तिथेच थांबला.

“रे महादू,” ते म्हणाले, “तुका बोट लागता?”

आमच्या किनाऱ्यावर हा प्रश्न तांडेलाला कोणी विचारत नाही. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. महादूने पंच्याने तोंड पुसलं.

“लागता,” तो म्हणाला. “पयल्या दिसापासून लागता.” मग सत्यवतीकडे वळला. “काडा तुमचा ता पान, बाईनू. आता लपवूचा कायएक नाय. लिवा.”

सत्यवतीने पिशवीतून पान काढलं. दाजींनी सवयीने डोळे मिटले, घसा साफ केला, “हे बाये, ह्या लेकराक...”

“दाजी,” महादू म्हणाला, “माझा मी सांगतंय.”

आणि त्याने सांगितलं. मधेमधे कठड्याकडे जाऊन येत सांगितलं. शिडाच्या गलबतावर तांडेल एकटा मागे बसतो, खलाशांची तोंडं पुढे असतात, म्हणून पंचवीस वर्षं कोणाला दिसलं नाही. मग मालकाने इंजिन बसवलं. तेलाचा वास सोसवेना, आणि इंजिनवाला शेजारीच येऊन बसला. लोकांपुढे ओकण्यापेक्षा दर्या सोडलेला बरा, असं त्याला वाटलं. बायकोला सांगायचीही लाज वाटली. तो बोलत होता आणि सत्यवती लिहीत होती. पान वाऱ्याने उडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि माझे डोळे भरून आले होते हे मी नाकारत नाही.

गुरुवारी परीक्षकांनी ते वेडंवाकडं पान दोनदा वाचलं आणि तिला पास केलं. महादू दिवसभर बाहेरच्या बाकावर ताठ बसून होता. त्याला कोणी आत बोलावलंच नाही. “बरा झाला,” तो म्हणाला, “माका इंग्रजी खंय येता.”

परतीला मी म्हटलं, आता घाई नाही, तुम्ही एसटीने आंबोलीवरून जा. “एसटी कित्याक?” तो म्हणाला. त्याने भाऊच्या धक्क्याजवळ एक नवी बालदी घेतली, आणि बोटीच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, ती पुढ्यात ठेवून बसला. नारळी पौर्णिमेनंतर सुकाणूवरही तो बालदीसकटच बसला, आणि मथुरेने त्या बालदीला दर्यात बुडवून धुवायला दोरी बांधून दिली होती.